तेवीस उत्तरांचं पुस्तक

'डिझाइन पॅटर्न्स' हे पुस्तक १९९४ साली आलं आणि तेव्हापासून बहुतेकांनी ते न वाचताच पाठ केलेलं आहे. एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस हे त्याचे चार लेखक. जगभर त्यांना 'गँग ऑफ फोर' म्हणतात, आपण चौकडी म्हणू. ऑब्जेक्ट ओरिएंटेड सॉफ्टवेअर लिहिताना पुन्हा पुन्हा आडव्या येणाऱ्या अडचणी आणि त्या सोडवण्याचे २३ नमुने, एवढाच त्यातला ऐवज. एम.टेक.ला 'प्रगत ऑब्जेक्ट ओरिएंटेड' अशा नावाचा कुठलाही विषय घ्या, अभ्यासक्रमाच्या मध्यावर हे २३ जण रांगेत उभे असतात. सिंगलटन, फॅक्टरी, ॲडॉप्टर, डेकोरेटर, ऑब्झर्व्हर. परीक्षेत त्यातले दोन येतात. व्याख्या, आकृती, फायदे. मिळाले सात गुण.

मी पेणचा. एम.टेक. करत असताना आम्ही तिघं एकत्र अभ्यासाला बसायचो. दोघं पेणचे, एक मैत्रीण रोह्याची. कधी ती मेमूनं इकडे यायची, कधी आम्ही तिकडे जायचो. नोट्स तिघांकडेही होत्या, त्यामुळे पास व्हायची चिंता नव्हती. म्हणूनच असेल, आम्ही मूळ पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचत गेलो. एखादी कादंबरी वाचताना आपण जे विचारतो तेच विचारत: हा माणूस नक्की काय म्हणतोय, कुणाला म्हणतोय, आणि काय म्हणायचं टाळतोय?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पुस्तक चांगलं आहे. ते शिकवलं वाईट जातं. आणि वाईट शिकवता येईल अशी सोय पुस्तकानंच करून ठेवलेली आहे.

प्रत्येक नमुना १३ ठरावीक मथळ्यांखाली सांगितलेला आहे. नाव, हेतू, दुसरं नाव, कारण, कुठे वापरावा, रचना, पात्रं, पात्रांचं आपसातलं काम, परिणाम, वगैरे. लेखकांची शिस्त वाखाणण्यासारखी आहे, पण वाचताना सरकारी फॉर्म भरतोय असं वाटतं. आणि फॉर्म म्हटला की आपण काय करतो? हव्या तेवढ्या रकान्यांवर टिक करतो. आपल्या नोट्समध्ये या १३ पैकी तीन उरतात: नाव, हेतू, आकृती. गळतं ते नेमकं 'परिणाम' नावाचं कलम. या कलमात लेखक स्वतःच्याच नमुन्याची किंमत सांगतात. उदाहरणार्थ ऑब्झर्व्हर. एखाद्या गोष्टीत बदल झाला की नोंद केलेल्या सगळ्यांना आपोआप कळावं, अशी ही योजना. व्हॉट्सॲप ग्रुपसारखी. लेखक लगेच बजावतात, की कोण कोण ऐकतंय हे सांगणाऱ्याला माहीत नसतं, त्यामुळे एका साध्या बदलानं कुठे काय काय हलेल याचा अंदाज राहत नाही. ज्यानं चुकून फॅमिली ग्रुपवर काही फॉरवर्ड केलंय त्याला हे समजवावं लागणार नाही. पण परीक्षेतला प्रश्न 'फायदे सांगा' असाच असतो.

ज्यांनी कधी कोड लिहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मोठा प्रोग्रॅम लाखो ओळींचा असतो. तो सांभाळता यावा म्हणून त्याचे छोटे छोटे स्वतंत्र तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यानं आपली माहिती आपल्याजवळ ठेवायची आणि दुसऱ्याला काम सांगायचं असेल तर निरोप पाठवायचा. हे तुकडे म्हणजे ऑब्जेक्ट. एकाच जातीचे ऑब्जेक्ट ज्या आराखड्यावरून बनतात तो क्लास. ही कल्पना १९६०च्या दशकात नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगोर यांच्या सिम्युला भाषेत आकाराला आली.

आता पेणच्या माणसाला क्लास समजवायला एक मिनिट पुरतं. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे गणपती. गावात आणि आजूबाजूला हमरापूर, जोहे या भागांत वर्षभर गणपतीचे कारखाने चालतात. एका साच्यातून हजारो मूर्ती निघतात. आणखी काय हवं? पदवीला आम्हाला हीच उपमा मिळाली होती आणि पदवीपुरती ती ठीकही होती. बालगुरुसामींचं जाडजूड पुस्तक असो की नागपूरच्या यशवंत कानेटकरांची पुस्तकं, भाषेची ओळख करून देणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी केलंय. प्रश्न पुढच्या टप्प्याचा आहे. पदव्युत्तर वर्गातही आपण साच्याच्याच उपमेवर बसून राहतो, आणि त्या उपमेला चौकडीचं पुस्तक समजत नाही.

कारखान्यात नीट बघा. मूर्ती साच्यातून निघाली की तिचा साच्याशी संबंध संपला. साचा फुटला तरी माळ्यावरच्या मूर्तीला काही होत नाही. सॉफ्टवेअरमध्ये उलट आहे. तिथे एका क्लासवरून दुसरा क्लास बेतला, म्हणजे वारसा घेतला, की नाळ तुटतच नाही. वरच्या क्लासमध्ये कुणी एक ओळ बदलली की खालची सगळी पिलावळ बदलते, न सांगता. वरचा बदल करणाऱ्याला खाली कोण कोण आहे हेही माहीत नसतं. पेणमधल्या साच्याला टवका गेला आणि त्याच क्षणी दादरच्या मंडपात बसलेल्या गणपतीच्या सोंडेला टवका गेला, अशी कल्पना करा. वारसा म्हणजे हे.

म्हणूनच चौकडीच्या पुस्तकातला एक मुख्य सल्ला असा, की वारशापेक्षा जोडकाम बरं. मोठी वस्तू छोट्या वस्तू जोडून बनवा. पुस्तक हे सांगतं तेव्हा आपल्याला ते कोरडं तत्त्व वाटतं. कारखान्यात तो रोजचा धंदा आहे. हात बऱ्याचदा वेगळे काढून जोडले जातात. फेटा आणि धोतर खऱ्या कापडाचं नेसवतात. खड्यांचं काम करणारे कारागीर वेगळे. डोळ्यांची आखणी करणारा तर वेगळाच, आणि त्याचा भावही वेगळा. शिवाय कितीतरी मूर्ती कच्च्या, म्हणजे बिनरंगाच्याच, बाहेरगावी जातात आणि तिथला कुणीतरी त्या रंगवतो.

याचा हिशोब करून बघू. कारखान्याच्या ऑर्डरींचा प्रोग्रॅम लिहायचा आहे असं समजा. माती दोन प्रकारची, शाडू आणि पीओपी. बैठकी चार. काम चार तऱ्हेचं: कच्चा, रंगवलेला, फेटा-धोतरवाला, खड्यांचा. साच्याच्या डोक्यानं गेलात, म्हणजे प्रत्येक जातीला एक क्लास केलात, तर २ गुणिले ४ गुणिले ४, असे ३२ क्लास होतात. उद्या कागदाच्या लगद्याचे गणपती सुरू झाले की १६ नवे, एकूण ४८. जोडकामाच्या डोक्यानं गेलात तर २ अधिक ४ अधिक ४, म्हणजे १०. लगदा आला की ११. गंमत म्हणजे कारखान्यातल्या ऑर्डरच्या वहीत हेच असतं. बैठक, माती, काम, उंची, असे रकाने. वहीला कुणी डिझाइन पॅटर्न शिकवलेला नाही.

इथे मराठीची एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. 'रंगवणं' आणि 'रंगवून घेणं' यातला फरक आपल्याला शाळेत जाण्याआधीच कळलेला असतो. इंग्रजीतल्या पुस्तकांना ज्याच्यासाठी डेलिगेशन हा जड शब्द वापरून अख्खं कलम लिहावं लागतं, ते आपल्या क्रियापदातच बसलेलं आहे. करणं, करवणं, करवून घेणं. मूर्ती स्वतःला रंगवत नाही, रंगवून घेते. कोड लिहिताना मी आता हेच विचारतो: हा ऑब्जेक्ट हे काम करतोय की करवून घेतोय? ॲलन के यांनी 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हा शब्द रूढ केला, आणि पुढे त्यांनाच हळहळ वाटली, कारण 'ऑब्जेक्ट' या नामामुळे सगळे वस्तूंकडे बघत बसले आणि त्यांच्यातल्या निरोपांकडे, जे त्यांना महत्त्वाचं वाटत होतं, कुणी बघेना. नामांत अडकू नका, क्रियापदं बघा, असंच म्हणायचं होतं त्यांना. आपल्याकडे तर त्या नामाचं भाषांतर कुणी 'वस्तुनिष्ठ' करतं, जो परीक्षेतला टिकमार्कचा प्रश्न असतो. ऑब्जेक्ट ओरिएंटेडची परीक्षा वस्तुनिष्ठ! असो.

आता शाडू आणि पीओपीकडे येतो. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि साच्याची उपमा इथेच खऱ्या अर्थानं मोडते.

बार्बरा लिस्कॉव्ह या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ साली एका व्याख्यानात एक अट मांडली. पुढे १९९४ मध्ये जनेट विंग यांच्यासोबत तिला गणिती रूप दिलं. २००८चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. अट अशी: एखाद्या गोष्टीला तुम्ही दुसरीचा उपप्रकार म्हणत असाल, तर जिथे जिथे मूळ गोष्ट चालते तिथे तिथे ही बिनतक्रार चालली पाहिजे. वापरणाऱ्याला फरक कळता कामा नये. घेताना जास्त अटी घालायच्या नाहीत, देताना कमी द्यायचं नाही. वर्गात ही अट चौरस आणि आयताच्या उदाहरणानं शिकवतात. गणितात चौरस हा आयतच असतो. पण प्रोग्रॅममध्ये आयताची रुंदी बदलली तर लांबी तशीच राहावी अशी अपेक्षा असते, आणि चौरस ती मोडतो. उदाहरण बरोबर आहे, पण त्यात कुणाचं काही बिघडत नाही. चौरसाला पोट नसतं.

पेणमध्ये हीच अट कशी दिसते बघा. शाडूचा गणपती आणि पीओपीचा गणपती एकाच चेहऱ्याचे, एकाच उंचीचे, एकाच रंगाचे असू शकतात. शेजारी ठेवले तर भल्याभल्यांना ओळखू येणार नाहीत. दोघांनाही आपण गणपतीच म्हणतो. मग पीओपीचा गणपती हा शाडूच्या गणपतीचा उपप्रकार झाला का? किंवा उलट?

पीओपीच्या जागी शाडू ठेवून बघू. पीओपी पाण्यात कालवून साच्यात ओततात आणि ते बघता बघता घट्ट होतं. शाडू मळून हातानं साच्यात दाबावा लागतो, सावलीत दिवसच्या दिवस वाळवावा लागतो, तडे बुजवावे लागतात. मूर्ती जड होते, टेम्पोत दचका बसला तर तुटते. कोकणच्या पावसाळी हवेत तर वाळवण म्हणजे परीक्षाच. म्हणजे शाडू कारखान्याकडून आणि वाहतूकवाल्याकडून जास्त मागतो. लिस्कॉव्हबाईंच्या अटीचा पहिला भाग मोडला.

आता शाडूच्या जागी पीओपी ठेवा. अनंत चतुर्दशीपर्यंत काहीच अडत नाही. मूर्ती हलकी, सुबक, स्वस्त. आणि शेवटच्या दिवशी पाण्यात सोडल्यावर? शाडू विरघळून तळाशी बसतो. पीओपी म्हणजे शेवटी जिप्समच, ते पाण्यात नावाला विरघळतं. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर काय दिसतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. देताना कमी दिलं. अटीचा दुसरा भाग मोडला.

म्हणजे दोघांपैकी कुणीच दुसऱ्याचा उपप्रकार नाही. चेहरा एक, नाव एक, साचाही एक असू शकतो, तरी वचन वेगळं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: फरक कुठे पडला हे मूर्तीकडे बघून कळत नाही. टेम्पोवाल्याच्या बाजूनं बघितलं तर शाडू नापास, नदीच्या बाजूनं बघितलं तर पीओपी नापास. कोण पास झालं हे वापरणारा ठरवतो. आयत आणि चौरसानं मला हे कधीच सांगितलं नव्हतं.

हे काही नुसतं वर्गातलं कोडं नाही. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी पीओपीला मनाई केली. त्यावरून पाच वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मूर्ती बनवण्या-विकण्यावरची बंदी उठवली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन करण्यावरचे निर्बंध राहिले. पेण परिसरात ज्या घरांचं वर्ष या धंद्यावर चालतं त्यांच्यासाठी तो निकाल म्हणजे काय होतं हे मी इथे लिहायला नको. मला एवढंच दिसतं, की तो सगळा वाद लिस्कॉव्हबाईंच्या अटीवरचा वाद होता. बनवणारे म्हणत होते, गणपती तो गणपती. पाण्याच्या बाजूनं बोलणारे म्हणत होते, वचन पाळत नाही तो. न्यायालयानं बनवणं एका बाजूला ठेवलं आणि विसर्जन दुसऱ्या बाजूला. आमच्या विषयाच्या भाषेत सांगायचं तर एक जाडा इंटरफेस फोडून दोन केले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं याच अडचणीवर वेगळा इलाज काढलेला आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात पीओपीची मूर्ती ठेवली की ती विरघळते, खाली कॅल्शियम कार्बोनेट उरतं आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी, जे खत म्हणून चालतं. मूर्ती तीच, विसर्जनाचा विधी तोच, मध्ये एक बादलीभर मध्यस्थ. चौकडीच्या पुस्तकात याला ॲडॉप्टर म्हणतात.

ॲडॉप्टरचं याहून देखणं उदाहरण मात्र रोह्याच्या बाजूला आहे. आमच्या मैत्रिणीचं रोहे हे रेल्वेच्या नकाशावर एक सांधा आहे. मध्य रेल्वेची हद्द इथे संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. इथून थेट मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत, सुमारे ७४० किलोमीटर. १९९८च्या प्रजासत्ताक दिनापासून हा पूर्ण मार्ग चालू आहे. मालक बदलतो, रुळांची देखभाल कोणी करायची ते बदलतं, कर्मचाऱ्यांचा पगार कुठून येतो ते बदलतं. मांडवी एक्सप्रेसमध्ये बसलेल्या माणसाला यातलं काय जाणवतं? काहीही नाही. चौकडीचा दुसरा मोठा सल्ला आहे की समोरच्याच्या आतल्या रचनेवर विसंबू नका, त्यानं बाहेर दिलेल्या कबुलीवर विसंबा. रोह्याच्या फलाटावर तो सल्ला रोज पाळला जातो. डब्याच्या चाकाला रुळाची रुंदी ठाऊक असली की झालं, रूळ कुणाच्या सातबाऱ्यावर आहे याची चौकशी त्याला करावी लागत नाही.

आणि रोह्याच्या पुढचंच स्टेशन कोलाड. कोकण रेल्वेनं १९९९ साली इथून रो-रो सेवा सुरू केली. मालानं भरलेले ट्रक थेट रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरून पुढे रस्त्यानं जातात. ट्रकला रुळावर धावता येत नाही, गाडीला घाट चढून गोदामाच्या दारात जाता येत नाही, आणि दोघांपैकी कुणालाही बदलायला लावलेलं नाही. मध्ये फक्त एक सपाट वाघीण. पुस्तकातल्या ॲडॉप्टरच्या आकृतीत चौकोन आणि बाण आहेत. मी ती आकृती चार वेळा पाठ केली होती. कोलाडचा ट्रक एकदा बघितला आणि पाठांतराची गरज उरली नाही. पण त्याची किंमतही तिथेच दिसते: चढवायला-उतरवायला लागणारा वेळ, आणि बोगद्यांमुळे ट्रकच्या उंचीवर येणारी मर्यादा. पुन्हा तेच, 'परिणाम' नावाचं गळलेलं कलम.

इथवर मी पुस्तकाच्या बाजूनं बोललो. आता तक्रार.

चौकडीनं 'पॅटर्न' ही कल्पना उचलली ती ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराकडून, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितलंही आहे. पण अलेक्झांडरची वाट कुठून सुरू होते हे फार कमी जणांना ठाऊक असतं. त्याच्या १९६४च्या 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' या पुस्तकाच्या शेवटी एक सविस्तर उदाहरण आहे, ६०० वस्तीच्या एका भारतीय खेड्याचं. त्यासाठी तो गुजरातेत एका खेड्यात जाऊन राहिला होता. खेड्याच्या १४१ गरजा त्यानं लिहून काढल्या. पाणी, गुरं, जात, शेत, सण. मग कुठली गरज कुठल्या गरजेशी भांडते ते मांडलं आणि त्यावरून खेड्याची रचना कशी पडावी ते शोधलं. पुढे १९७७ मध्ये 'अ पॅटर्न लँग्वेज' आलं, २५३ नमुन्यांचं. त्यातला नमुना म्हणजे आधी भांडण आणि मग तोडगा. उदाहरणार्थ, खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा, कारण एकाच बाजूच्या उजेडात माणसांना एकमेकांचे चेहरे नीट दिसत नाहीत.

कोकणातल्या माणसाला हे नवं वाटू नये. ओटी, पडवी, माजघर, खळं हे नमुनेच आहेत. 'पुढे पडवी काढ' एवढं म्हटलं की गवंड्याला उतार, खांब, पावसाची झड, चपला, सायकल आणि संध्याकाळी टेकून बसणारे आजोबा, हे सगळं न सांगता कळतं. एका शब्दात अख्खं भांडण आणि त्याचा तोडगा. चौकडीचं सगळ्यात मोठं यश मी इथेच मानतो. त्यांनी नावं दिली. आज बंगळूरची मुलगी आणि बर्लिनचा मुलगा 'इथे डेकोरेटर घाल' एवढ्यावर एकमेकांना समजतात. कोशकाराचं काम आहे ते, आणि चोख केलेलं.

पण अलेक्झांडरच्या खेड्यात माणसं होती. चौकडीच्या पुस्तकात जे मोठं चालतं उदाहरण आहे, लेक्सी नावाच्या डॉक्युमेंट एडिटरचं, त्यात अक्षरं आहेत, ओळी आहेत, स्क्रोलबार आहे, लिहिणारा कुणी नाही. भांडण कशाचं आहे ते कळतं, कुणाचं आहे ते कळत नाही. १९९६ मध्ये सॅन होजेच्या परिषदेत खुद्द अलेक्झांडरनं सॉफ्टवेअरवाल्यांपुढे भाषण केलं. माझी मांडणी तुम्ही घेतलीत, पण तिच्या मागचा नैतिक प्रश्न, म्हणजे यानं माणसाचं जगणं बरं होतं का, तो तुमच्याकडे आहे का, असा त्याचा सूर होता. आमच्या अभ्यासक्रमात अलेक्झांडरचं नाव प्रस्तावनेपुरतं येतं. पास व्हायला तेवढं पुरतं.

दुसरी तक्रार काळाची. पुस्तकातला कोड सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉकमधला आहे, आणि काही नमुने जगातल्या अडचणींवरचे नसून त्या भाषेतल्या अडचणींवरचे आहेत. १९९६ मध्येच पीटर नॉर्विग यांनी दाखवून दिलं, की लिस्प किंवा डिलनसारख्या भाषेत २३ पैकी १६ नमुने एकतर दिसेनासे होतात किंवा सोपे होतात. गॅमा यांनीही २००९च्या एका मुलाखतीत सांगितलं, की आता निवडायचं झालं तर सिंगलटन वगळायला त्यांची हरकत नाही. लेखकच एक उत्तर मागे घ्यायला तयार आहे. आमच्या प्रश्नपत्रिकेत मात्र ते अजून सक्तीचं आहे. आता तर कुठलाही एआय चॅटबॉट दहा सेकंदांत सिंगलटन लिहून देतो, आकृतीसकट. कधी लिहू नये, हे त्याला विचारल्याशिवाय तो सांगत नाही. आपली प्रश्नपत्रिकाही विचारत नाही. या बाबतीत दोघं सारखेच.

मग पदव्युत्तर विद्यार्थ्याला विचारायचं काय? मला वाटतं, चालू असलेला प्रोग्रॅम हातात द्यावा आणि मागणी बदलावी. मूर्तिकारांच्या बाबतीत सरकारनं आणि न्यायालयानं जसं केलं तसं. मग किती फायली उघडाव्या लागल्या ते मोजावं. व्याख्या न विचारता सगळं कळतं.

आम्ही कारखान्याच्या प्रोग्रॅमवर हा खेळ करून पाहिला. ऑर्डर, माती, काम, सगळं नीट बसलं. 'विसर्जन' कुठे ठेवायचं यावर मात्र तिघांत एकमत होईना. माझा मित्र म्हणाला, मूर्तीकडे. ज्याचं विसर्जन त्याला विचारा. पण मग पीओपीच्या मूर्तीला 'मला जमत नाही' असं उत्तर देण्याची वेळ येते, आणि लिस्कॉव्हबाईंची अट पुन्हा मोडते. मैत्रीण म्हणाली, पाण्याकडे. पाणीही एक प्रकारचं नाही. नदी वेगळी, समुद्र वेगळा, नगरपालिकेचा हौद वेगळा, ती अमोनियमची बादली वेगळी. काय होणार हे एकट्या मूर्तीवर ठरत नाही आणि एकट्या पाण्यावरही नाही, दोघांच्या जोडीवर ठरतं. आधी मूर्तीला विचारायचं, मग मूर्तीनं पाण्याला सांगायचं की मी अमुक मातीची आहे, आता तू ठरव.

चौकडीच्या पुस्तकात याला व्हिजिटर म्हणतात. २३ मधला सगळ्यात किचकट समजला जाणारा, परीक्षेत ऑप्शनला टाकला जाणारा नमुना. आम्ही ते प्रकरण उघडलं आणि सरळ 'परिणाम' या कलमाकडे गेलो. तिथे लिहिलेलं होतं ते आमच्या भाषेत असं: नवं पाणी आणणं सोपं, नवी माती आणणं महाग, कारण नवी माती आली की प्रत्येक पाण्याला ती शिकवावी लागते. म्हणजे वापरावा की नाही हे यावर अवलंबून, की येत्या दहा वर्षांत पेणमध्ये नवं काय जास्त येणार आहे, माती की पाणी. ते पुस्तकात नव्हतं. मैत्रिणीनं वहीत दोन रकाने आखले आणि आम्ही ओळखीच्या एका कारखानदाराकडे विचारायला निघालो.